डाव्या बाजूचा खिसा

मालनकाकू गेल्याचं मला सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं, आणि ते टाकलं होतं सेक्रेटरींनी. 'आपल्या बी विंगमधील सोज्वळ, सालस, मितभाषी भगिनी...' खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. खरं सांगते, मला वाईट वाटायच्या आधी संशय आला. ज्या माणसाने वर्षभरापूर्वी बायकांच्या कपड्यांवर नोटीस काढली, त्याला ही शिवणकाम करणारी बाई इतकी सोज्वळ का वाटावी? आणि मितभाषी म्हणजे काय? आमच्यासमोर गप्प बसणारी, की त्यांच्यासमोर तोंड उघडणारी? त्या एका संशयापायी वर्षभर मी काकूंशी बोलले नव्हते. जिन्यात समोर आल्या की मी मोबाइलमध्ये बघायचे. आता पाच आठवडे झालेत, आणि हे लिहिल्याशिवाय सुटका नाही.

काकू मूळच्या वांगणीच्या पुढच्या एका वाडीतल्या. लग्न होऊन बदलापुरात आल्या, नवरा लवकर गेला, मुलाला वाढवायला उल्हासनगरच्या एका जीन्सच्या कारखान्यात लागल्या. तिथे त्यांचं काम एकच. पँटला मागचे खिसे जोडायचे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत खिसे. पहिल्याच महिन्यात साडीचा पदर मशीनच्या पट्ट्यात गेला आणि मान आवळता आवळता वाचल्या. दुसऱ्या दिवशी पंजाबी ड्रेस घालून निघाल्या तर सासूबाई दारात आडव्या. "विधवेनं असलं घालायचं?" काकू म्हणाल्या, "मग तुम्ही चला खिसे लावायला, पदर सांभाळून." ही गोष्ट सांगताना त्या अजूनही दचकायच्या, सासूला उलट बोलल्या म्हणून, पदर अडकला म्हणून नव्हे. पुढे डोळे दमल्यावर कारखाना सोडला आणि आमच्या बिल्डिंगीत तळमजल्यावर मशीन टाकलं. गाऊन शिवायच्या. कंबरेत न आवळणारे, बाही कोपरापर्यंत, आणि प्रत्येक गाऊनला डाव्या बाजूच्या शिवणीत, चुण्यांत दडलेला एक खिसा. बाजारच्या गाऊनला तो नसायचा. मी विचारलं होतं, का? म्हणाल्या, "माझ्या आयशीच्या लुगड्याला ओचा होता, कनवटी होती. चावी, सुपारी, पोराचं औषध, सगळं अंगावर. साडी सहावारी झाली, मग ड्रेस आला, मग गाऊन... सोयीचं होत गेलं खरं, पण बाईची जागाच गेली ठेवायची. आणि मी तिकडे बाप्यांना दोन दोन खिसे लावत बसले."

मी तेव्हा एका स्त्री संघटनेत नवी नवी कार्यकर्ती होते. अभ्यासवर्गातून आलेलं सगळं त्यांच्यावर ओतायचे. एकदा त्यांना सांगत बसले, की शंभर वर्षांपूर्वी विलायतेत लढाईच्या दिवसांत पोरी कारखान्यांत, कचेऱ्यांत कामाला लागल्या, आणि लढाई संपल्यावर त्यांनी कंबर आवळणारे कपडे फेकून दिले, झग्याचा घोळ गुडघ्यापर्यंत वर घेतला, केस मानेपर्यंत कापले, आणि तिकडचेही बुजुर्ग बोंबलले की संस्कृती बुडाली. काकू काज करत ऐकत होत्या. मला वाटलं, आता म्हणतील 'वा!' तर म्हणाल्या, "झगे शिवले कुणी गं?"

"म्हणजे?"

"एवढ्या पोरींचे झगे. शिवणारीण असंल की कुणी. तिनं स्वतः काय घातलं होतं?"

मला माहीत नव्हतं. आमच्या टिपणांत ते नव्हतं. मी विषय बदलला आणि मनात नोंद केली, की बाई मुद्द्याला फाटे फोडते. संशयाची सुरुवात बहुतेक तिथे झाली. आमच्यासारख्यांना आपल्याला न येणारा प्रश्न विचारणारा माणूस आधी विरोधकच वाटतो.

मग ती नोटीस लागली. 'महिला रहिवाशांनी दिवसा गाऊन घालून आवारात फिरू नये. आपली संस्कृती जपावी.' त्याच बोर्डाखाली खुर्च्या टाकून अर्ध्या चड्डीत, पोट उघडं टाकून कमिटीचे बुवा बसायचे, त्यांची संस्कृती कोण जपणार ते लिहिलं नव्हतं. मी पेटले. ठरवलं, रविवारी अकरा वाजता सगळ्या बायकांनी गाऊन घालून खाली यायचं आणि नोटीस उतरवायची. ग्रुपवर टाकलं तर पुरुष वाचतील, म्हणून पत्रक छापलं. 'भगिनींनो, हा प्रश्न कपड्याचा नाही!' शुक्रवारी काकूंना गठ्ठा दाखवला आणि म्हटलं, उद्या पहाटे सगळ्यांच्या दाराखालून सरकवणार. काकूंनी पत्रक वाचलंच नाही. विचारलं, "दाराखालचा कागद आधी कोण उचलतो?"

"ज्याला दिसेल तो."

"त्यापेक्षा माझ्याकडे दे. वीसेक गाऊन तयार आहेत, घरोघर द्यायचेच आहेत. एकेक कागद एकेका खिशात घालते. बाईच्या खिशात घरातलं कुणी हात घालत नाय. त्यांना ठाऊकच नाय खिसा आहे ते."

मी चक्क हसले. म्हटलं, "काकू, आम्ही चोरून काही करत नाही. चळवळ खिशात लपवायची नसते." त्यांनी चष्मा खाली घेऊन पाहिलं. "बरं, पुढारीणबाई," एवढंच म्हणाल्या, आणि मशीनचं पायडल दाबलं.

शनिवारी पहाटे मी पत्रकं दाराखालून सरकवली. त्याच संध्याकाळी मी काकूंना सेक्रेटरींच्या दारातून बाहेर पडताना पाहिलं. रविवारी अकरा वाजता खाली आम्ही तिघी. बाकीच्यांना घरात आधीच तंबी मिळाली होती. एकीच्या नवऱ्याने तर बाहेरून कडी घातली होती. खुर्चीतले बुवा हसत होते. मी सरळ काकूंच्या घरी गेले. "काल तिकडे कशाला गेला होतात?" त्या म्हणाल्या, "माप घ्यायला."

"कुणाचं?"

"ते मी सांगत नाय. कुणाचंच सांगत नाय."

ठेवणीतलं उत्तर वाटलं मला. मी म्हणाले, "तुम्ही आम्हाला विकलंत." त्यांच्या हातात माझ्याच गाऊनचं कापड होतं, निळं, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचं. त्यांनी त्याची घडी घातली... काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर भांडण होऊन मिटलं असतं. त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ मी कबुली असा लावला, कारण आम्हाला तसंच शिकवलंय.

शोकसभेत सेक्रेटरी पंधरा मिनिटं बोलले. मर्यादा, संस्कार, जुनी पिढी. मी हाताची घडी घालून बसले होते, म्हटलं बघा, आपल्या माणसाला कसा निरोप देतायत. सभा संपल्यावर त्यांची बायको, सुनंदावहिनी, माझ्या शेजारून जाताना थांबल्या. मीच खेकसले, "आता तरी सांगा. काकूंनीच सांगितलं होतं ना तेव्हा?"

वहिनींनी आधी नवरा कुठे आहे ते पाहिलं. "सांगायला कशाला कोण लागतंय? तुझा कागद ह्यांनीच उचलला. सकाळी सहाला, दुधाची पिशवी घेताना. वाचला आणि घरोघर फोन लावत बसले. सगळ्या घरांत तसंच झालं. तू काय समजलीस, आमच्याकडे दार बायका उघडतात पहाटे? आम्ही ओट्याशी असतो."

"आणि काकू?"

"माझं माप घ्यायला आल्या होत्या. ह्यांना सांगितलं ब्लाउजचं, शिवायचा होता गाऊन. मीच म्हटलेलं, कुणाला बोलू नका. खिसा खोल ठेवा म्हटलं."

"खोल कशाला?"

"तुला काय करायचंय?" वहिनी म्हणाल्या आणि निघून गेल्या.

म्हणजे घात माझ्याच पत्रकाने केला होता. एका बाईने मला दोन वाक्यांत त्यावरचा उपाय सांगितला, तो मी हसण्यावारी नेला. आणि त्याच बाईने दुसऱ्या बाईला दिलेला शब्द पाळला, तर त्याला मी फितुरी म्हटलं. अजून माझ्यातली संशयी बाई म्हणते, वहिनी तरी खरं बोलल्या कशावरून? पण सकाळी सहाच्या दुधाचं कुणी रचून सांगत नाही.

गेल्या आठवड्यात काकूंच्या सुनेने ज्याचे कपडे त्याला वाटून टाकले. माझ्या पिशवीत निळा गाऊन निघाला. पूर्ण शिवलेला. मी तोंडावर 'विकलंत' म्हटल्यावर कधीतरी बसून त्यांनी तो संपवला होता, घोळाला हातशिलाई घालून. मी खिशात हात घातला. हो, चिठ्ठी शोधली. मालिका बघूनच वाढलेय मी पण. काही नव्हतं. रिकामा खिसा, मनगटापर्यंत खोल, आणि तोंडाशी दुहेरी टीप, जीन्सला घालतात तशी, जड वस्तूने उसवू नये म्हणून.

नोटीस अजून बोर्डावर आहे, उन्हाने पिवळी पडलेली. काल सकाळी मी तो गाऊन घालून दूध आणायला खाली गेले, चावी आणि मोबाइल खिशात. खुर्च्यांवरचे बुवा बघत राहिले. दुसऱ्या मजल्यावर वहिनी गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. फक्त एक मरून गाऊन दोरीवर टाकला, झटकून, आणि टाकण्याआधी त्याचा खिसा उलटा करून घेतला. नवीन पत्रक लिहून तयार आहे माझं. या वेळी लहान आकारात छापणार आहे, चार घड्या घालता येतील असं... फक्त खिशांपर्यंत ते पोचवणारी बाई आता तळमजल्यावर नाही.