कावळा शिवल्याची थाप

मी आयुष्यात एकच मोठी थाप मारली, आणि तीही सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत, सासूबाईंच्या तोंडावर. लहानसहान थापा मी धरत नाही. त्या न मारता कल्याणच्या भरल्या घरात कुणी सून नांदून दाखवावी.

माझी पहिली मुलगी चौथ्या महिन्यात गेली. दोन दिवस ताप होता, तिसऱ्या दिवशी सकाळी अंग गार लागलं. मामंजींनी आणि आमच्या स्वारीनं तिला धोतराच्या फडक्यात गुंडाळून खाडीकाठी नेलं. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात, आणि बायकांनी तिकडे जायचं नसतं. उपाध्यायांनी पोथी पाहून सांगितलं, "दात आलेले नव्हते, त्यातून मुलगी. सुतक स्नानापुरतं." म्हणजे विहिरीवर चार तांबे डोक्यावरून घेतले की संपलं. आजेसासरे गेले तेव्हा दहा दिवस घरात चूल नीट पेटली नव्हती. येणारी प्रत्येक बाई आधी गळा काढायची, मग टेकायची. माझ्या लेकीच्या वाट्याला चार तांबे पाणी आलं. दुपारी मी पोळ्या लाटत होते.

दुसऱ्या दिवशी स्वारी नेहमीच्या आगगाडीनं ठाण्याच्या कचेरीत गेली. मला त्यांचा राग आला असता तर बरं झालं असतं. पण मला काहीच येत नव्हतं, ना राग, ना रडू. शेजारणी सासूबाईंना म्हणायच्या, "सोशीक आहे हो तुमची सून!" सोशीक कसली! आमटीत मीठ दोनदा पडायचं. तव्याला बोट लागलेलं फोड आल्यावर कळायचं. अंगाला मात्र अजून कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या पिण्याच्या वेळा झाल्या की चोळी भिजायची. दूध आटावं म्हणून सासूबाईंनी मोगऱ्याची फुलं बांधायला दिली. ती बांधून मी तांदूळ निवडत बसले.

मला एकाच गोष्टीची भीती वाटायला लागली. हे असंच चाललं, तर ती आली होती हेच मला पुढे खरं वाटणार नाही. कुठंतरी गप्प बसून मला तिच्यासाठी रडायचं होतं. पण बसायला कारण लागतं, आणि आमच्या घरात बाईला हातातलं काम टाकून बसायचं कारण महिन्यातून एकदाच मिळे.

आठव्या दिवशी सकाळी मी चुलीपुढून उठले, मागच्या दारात गेले आणि म्हणाले, "मला कावळा शिवला." बाळंतपणानंतर पहिल्यांदाच, त्यामुळे तारखांचा हिशेब कुणी मांडणार नव्हतं.

"हो का? बस मग," सासूबाई म्हणाल्या, आणि माझी अर्धी भाजलेली भाकरी त्यांनी उलटली.

परसदारची पडवी, एक घोंगडी, एक तांब्या, वेगळं ताट. तीन दिवस कुणी शिवायचं नाही, चौथ्या दिवशी न्हायचं. सासूबाई यात फार कडक. एकदा बाहेर बसलेल्या मोठ्या जाऊबाईंचा पदर त्यांना जेमतेम लागला, तर थंडीत, दिवेलागणीला, त्या डोक्यावरून न्हाल्या होत्या.

पहिला दिवस फुकट गेला. मी कौलं मोजली, दोनदा चुकले, पुन्हा मोजली. दुसऱ्या दिवशी हातांना जडपणा आला, डाव्याला जास्त, कारण तिचं डोकं तिकडे असायचं. मग एकदम हुडहुडी भरली. भर दुपारी दात वाजायला लागले. मी पाठ भिंतीला लावली आणि तशीच राहिले. शेणानं सारवलेली भिंत गार होती. हळूहळू श्वास खाली उतरला, हात सैल पडले. रडू मात्र आलं नाही. एकच दिवस उरला होता, आणि मग पुन्हा चूल. मी इतकी घाबरले की विचारू नका.

थाप मारायची तर नीट मारावी. बाहेर बसलेली बाई आपल्या जुनेराच्या घड्या स्वतः धुऊन गोठ्यामागच्या दोरीवर, पुरुषांच्या नजरेआड वाळत घालते. मी ते साफ विसरले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई शेणी आणायला गोठ्यामागे गेल्या, आणि परत येताना माझ्यापुढे थांबल्या. त्यांनी एकदा मागे दोरीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. दोरी मोकळी होती. आता माझ्या माहेराचा उद्धार होणार, मी मान खाली घातली.

त्यांनी शेणी खाली ठेवल्या आणि त्या पडवीच्या कडेला टेकल्या.

"रडलीस का काही?"

"नाही येत," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. चांगला सबंध तळहात, आणि बराच वेळ.

"माझे दोघे गेले असे," त्या म्हणाल्या. "मला हे सुचलं नाही गं." मग गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "उद्या न्हाऊ नकोस. परवा न्हा. घरात मी सांगते."

त्या आत गेल्या. मी विहिरीच्या रहाटाचा आवाज ऐकायला कान दिला, कारण मला शिवल्यावर त्या न्हाल्याशिवाय राहतील हे शक्यच नव्हतं. रहाट वाजला नाही. भाताच्या भांड्यावरचं झाकण वाजलं. त्याच हातानं त्या चुलीशी बसल्या होत्या.

तेव्हा मला रडू फुटलं. पोटातून, आवाजासकट. मी घाईनं पदर तोंडात कोंबला.

"मोठ्यानं रड," सासूबाई आतून म्हणाल्या. "कुणी विचारलंच, तर पोटात दुखतंय म्हणून सांगेन."