परसातला मोगरा

अमरावतीत कापसाला सोन्याचा भाव होता, तेव्हा मी एका अडत्याकडे कापूस जोखत असे. रोजच्या वाटेवर एका म्हाताऱ्या गाडीवानाचं घर लागे. त्याने ऐन तेजीत दोन बैलजोड्यांपैकी एक विकली आणि परसात वांगी, दोडकी लावली. चैत्रातल्या एका सकाळी तो मोगऱ्याला पाणी घालताना दिसला.

मी विचारलं, "भाडं एवढं वाढलं, अन् जोडी कावून विकली, बाबा?"

"एका जोडीत भागते," तो म्हणाला. "तीन चैत मी गाडीवरच होतो. घरची म्हणे, मोगरा फुलला, पाहून घ्या. मी म्हणो, पाहू. मागच्या साली ती गेली."

त्याने ओंजळभर फुलं मला दिली. मी कामावर न जाता आधी घरी परतलो. चुलीपुढून बायकोने विचारलं, "आज काय हाये?"

मी फुलं तिच्या ओंजळीत ओतली.