फिरून सांग

कुणी पटकन 'कळलं' म्हटलं की मला आजही चैन पडत नाही. घरातली मुलं हसतात, म्हातारीला सगळं दोनदा ऐकायची खोड आहे म्हणतात. म्हणोत बापडी. ही खोड माझी नाही, माझ्या वडिलांची आहे.

बाबा चुडाव्याच्या मदरशात मास्तर होते. निजामाच्या राज्यात शाळेला आम्ही मदरसाच म्हणायचो आणि तिथला कारभार चालायचा उर्दूतून. पण बाबांचा स्वतःचा असा एक कायदा होता. त्यांच्यासमोर नुसतं 'समजलं' चालायचं नाही. जे ऐकलं ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. "फिरून सांग," म्हणायचे आणि हाताची घडी घालून वाट बघत बसायचे. पोरंच काय, घरी निरोप घेऊन आलेला गडीसुद्धा यातून सुटत नसे.

इंग्रजी मला त्यांनीच शिकवलं, संध्याकाळी ओट्यावर बसून. समजण्यासाठी त्या भाषेत किती शब्द आहेत याचंच त्यांना कोण कौतुक! 'अंडरस्टँड' रोजच्या वापराचा. 'ग्रास्प' म्हणजे गोष्ट मुठीत घट्ट आली पाहिजे. 'रिअलाइज' मात्र त्यांना धड सांगता येईना. "गोष्ट समोरच असती," ते म्हणाले, "पण एक दिवस ती आपल्याला येऊन लागती." आणि 'आय सी'वर त्यांचा भारी राग. "नुसता हुंकार हाय तो. ज्याला फिरून सांगायचं न्हाई, तो आय सी म्हणून सुटतो." माझ्या तोंडून चुकून निघालं तर म्हणायचे, "पळपुटी!"

मी चौदाची होते तेव्हाची गोष्ट. दिवाळीपासून बाबांचा घसा बसला होता. मध, हळद, काढे, सगळं करून झालं आणि शेवटी थंडीत आम्ही तिघं परभणीच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर मद्रासकडचे. त्यांना मराठी येत नव्हतं, उर्दूही जेमतेम, म्हणून बाबांशी ते इंग्रजीतच बोलले. माय पिशवी मांडीवर धरून दोघांच्या तोंडाकडे बघत होती. डॉक्टर भराभर बोलत होते, निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं. मी बाबांकडे बघितलं. आता ते घडी घालतील, खोदून खोदून विचारतील, सगळं परत सांगून बघतील असं मला वाटलं. बाबा उठले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "आय सी."



"काय म्हणले डाक्टर?" टांग्यात मायनं विचारलं.

"सूज हाय. औषध दिलंय. कमी बोला म्हणले."

"मी कवापासून तेच सांगायले," माय म्हणाली, आणि तिच्यापुरतं ते संपलं.

परतीच्या आगगाडीत मला एका जागी बसवेना. खिडकीची झडप मी वर केली, खाली केली, पुन्हा वर केली. शेजारच्या बाईनं डोळे वटारले. उठून दारापर्यंत जाऊन आले. बाबांचा मला भयंकर राग येत होता. जन्मभर सगळ्यांना धारेवर धरलं आणि आज स्वतः एका हुंकारावर सुटले! मिरखेल स्टेशन मागं पडलं तशी मी त्यांच्यासमोर जाऊन बसले, हाताची घडी घातली आणि म्हणाले, "बाबा, फिरून सांगा."

त्यांनी मायकडे बघितलं. ती स्टेशनावर घेतलेली बोरं निवडत होती. मग त्यांनी बसक्या आवाजात, वर्गात सांगावं तसं, एकेक वाक्य इंग्रजीतून सांगितलं. सावकाश, मला कळेल अशा बेतानं. गळ्यात गाठ आहे. ती काढण्यासारखी राहिलेली नाही. आधी आवाज जाईल. नंतर अन्न जाणार नाही. पावसाळा दिसेलच असं नाही. कुठं अडखळले नाहीत, काही गाळलंही नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं त्यांनी दवाखान्यातच पुरतं ऐकून घेतलं होतं.

"नाऊ यू," ते म्हणाले.

सगळे शब्द मला येत होते. पहिलं वाक्य तर किती सोपं होतं. माय शेजारीच होती.

"आय सी," मी म्हणाले.

बाबा मला पळपुटी म्हणाले नाहीत.

"काय बोलायलात तुमी दोघं?" मायनं विचारलं.

"धडा घ्यायलोय."

"गाडीत बी धडा? आज तरी सुट्टी द्या की लेकराला." तिनं मऊ मऊ बोरं बाजूला काढली होती, घशाला टोचू नयेत म्हणून. ती तिनं त्यांच्या हातावर ठेवली.

बाबांनी त्यातलं एक बोर तोंडात टाकलं. मग म्हणाले, "दिली सुट्टी."