मुसळ थांबायचं तेव्हा

चामोर्शीजवळच्या एका खेड्यात मंगली सून म्हणून आली ती पहिल्या निवडणुकीच्या हिवाळ्यात. धान घरात आलं होतं, गिरणी दूर वडशाला. सासूनं तिला थोरल्या जावेच्या, रुखमाच्या जोडीला उखळावर उभं केलं. एकीचं मुसळ वर, तर दुसरीचं खाली. थोडे घाव नीट पडले आणि मंगलीचा हात मध्येच थांबला. रुखमाचं मुसळ तिच्या मुसळावर आदळलं.

"काऊन वो, उभ्याउभ्या झोपली का?" रुखमा हसली.

पुढं रोज तेच. एकदा रुखमाचं बोट चेचलं, मग कुणी हसलं नाही. सासू म्हणाली, "मायनं शिकवलं नाई का? संक्रांतीले जाऊन शिकून ये, नाई तर तिथीच राह्य."

मंगलीला भीती वाटली, पण त्याहून नवल वाटलं. लहानपणापासून ती मायसोबत कांडत आली होती. तिथं कधी मुसळाला मुसळ लागलं नव्हतं.

संक्रांतीला माहेरी गेल्यावर तिनं मायला, गुणाबाईला उखळावर बोलावलं आणि तिच्या तोंडाकडं बघत कांडू लागली. थोड्या वेळानं दोघींची मुसळं एकदमच थांबली. मायची मान दाराकडं वळली होती.

"माय, तू काय ऐकून राह्यली?"

"मी? काई नाई."

"थांबली ना तू आत्ता! मीबी थांबली."

गुणाबाई विचारात पडली. "माही मायबी थांबे. कांडाच्या आवाजात पाय वाजलेले ऐकू येत नाई ना. बाबा पिऊन येत, मारत. जोड्याची करकर आली का माय मले धान साठवाच्या ढोलीमागं लपवे."

"पण आजा तर मी व्हायच्या आधीच गेला. आन् आपले बाबा?"

"तुहा बाप? त्यानं मांजरीलेबी कधी हाकललं नाई." गुणाबाईला हसू आलं आणि तिथंच विरलं. "मंग मी कोनाले ऐकून राह्यली वो, इतकी वर्सं?"

मंगलीनं मुसळ उचललं. "चाल. आता थांबाचं नाई. थांबली तर तुहंच बोट जाईन."

कांडण सुरू झालं. थांबायची वेळ आली, तसे गुणाबाईचे डोळे दाराकडं गेले. मुसळ मात्र वर गेलं आणि खाली आलं. मंगलीचंही. पुन्हा, पुन्हा.

बऱ्याच वेळानं दोघींनी घाम पुसला. मंगलीचा बाप सुकलू डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन दारात उभा होता. तो केव्हा आला, दोघींनाही कळलं नव्हतं.

"कुठी ठेवू वो हे?" त्यानं विचारलं.