डोंगराच्या कामाचा कागद

माझा धाकटा भाऊ शेवटची जवळजवळ तीन वर्षं डोंगर बांधत होता. आखातातल्या एका वाळवंटात करमणुकीचं एक अख्खं शहर उभं राहत आहे. आकाशपाळणे, पाण्याचे खेळ, नाटकघरं, मोटारींच्या शर्यतीचा रस्ता, हॉटेलं, सगळं आधी नकाशावर आखलेलं आणि मग वाळूवर उतरवलेलं. त्यातल्या एका बागेला कडेकपारींचा डोंगर हवा होता. लोखंडी सांगाड्यावर जाळी बांधायची, जाळीवर सिमेंटचा जाड थर द्यायचा आणि तो ओला आहे तोवर थापीनं, ब्रशनं, चुरगळलेल्या पोत्यानं त्यात दगडाच्या भेगा, पापुद्रे, खळगे उठवायचे, हे त्याचं काम होतं.

ही कला तो तिकडे जाऊन शिकला नव्हता. आम्ही बेळगावजवळच्या कंग्राळीचे. शाळा सुटल्यावर तो देवळांच्या शिखरांवर सिमेंटचे हत्ती, मोर आणि द्वारपाल करणाऱ्या एका कारागिराच्या हाताखाली राहिला. बेळगावच्या आसपासच्या गावांतली कितीतरी शिखरं त्याच्या हातची आहेत. एका गावच्या देवळावरचे हत्ती थोडे हसरे दिसतात, म्हणून तिथल्या पंचांनी तक्रार केली होती. त्यानं उत्तर दिलं होतं की हत्तीला वर चांगली हवा लागते, तो हसणारच.

तिकडून फोनवर तो मला डोंगर दाखवायचा. सुकू नये म्हणून सिमेंटवर ओली पोती पांघरलेली असत, आणि मागे, थोड्याच अंतरावर, तांबूस दगडाचा खराखुरा डोंगर उभा असे.

"आक्का, खरा डोंगर मागं हाय आनि आमी त्येच्याम्होरं खोटा बांधायलोय," तो म्हणायचा. "सायब म्हनतोय, पन्नास हजार वर्सं जुना दिसाय पायजे. आनि दोन दिवसांत."

एकदा त्यानं मला जांबोटीला पाठवलं. आमची आई तिथली. गावाबाहेरच्या ओढ्यात एक रुंद काळा दगड आहे, त्यावर ती लहानपणी कपडे धूत असे. त्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून पाठव, असं त्याचं म्हणणं. मी निपाणीहून, माझ्या नोकरीच्या गावाहून, बेळगाव, तिथून जांबोटीची बस, मग पायी, अशी गेले. पाण्यात उभी राहून फोटो काढले आणि घसरून पडलेही. महिन्याभरानं त्यानं त्याच्या डोंगराच्या मागल्या कोपऱ्याचा फोटो पाठवला. तिथे नकाशात नुसतंच 'खडक' असं लिहिलेलं होतं, कुठला खडक ते त्याच्यावर सोडलेलं होतं. मी तो दगड ओळखला. पुढे तिथे येणाऱ्या कुणाला तो ओळखता येणार नाही, याचं त्याला काही वाटत नव्हतं.

आता माझ्याविषयी सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते माझ्या एका सवयीमुळे झालं. मी निपाणीच्या एका शाळेत मराठी शिकवत होते. लग्न केलं नाही. पुस्तकं आणि मी, असं घर. आमच्या भागात घरातलं बोलणं मराठी आणि सरकारी कागद कन्नड. बोलण्यापुरती कन्नड सगळ्यांना येते, पण कचेरीची कन्नड कागदावर आली की लोक गडबडतात. मी ती नोकरीसाठी मेहनतीनं शिकले. त्यामुळे निपाणीत गल्लीतले आणि रविवारी कंग्राळीला गेले की गावातले लोक आपापले कागद घेऊन माझ्याकडे येत. पंचायतीची नोटीस, जमिनीचा उतारा, दवाखान्याची चिठ्ठी. मी ओळ न ओळ मराठीत वाचून दाखवी. आणि शेवटी लोक विचारत, मग काय करू?

पहिली काही वर्षं मी सांगत असे. मग एका चुलतबहिणीला मी मुलीला मराठी शाळेतच घाल असं आग्रहानं सांगितलं. मुलगी हुशार निघाली, पण नोकरीच्या परीक्षेत कन्नडच्या पेपरात दोनदा अडकली. बहीण माझ्याशी बोलेनाशी झाली. एका बारशाला ती चारचौघींत म्हणाली की शिकलेल्या माणसाला सल्ला द्यायला काय जातं, वर्षं तर आमची जातात. ते मला फार लागलं. तेव्हापासून मी नियम केला. कागदात आहे ते अचूक वाचायचं आणि गप्प बसायचं. कुणी विचारलं तर म्हणायचं, हे असं असं लिहिलंय, ठरवायचं तुम्ही. लोकांना ते आवडलंही. आक्का पदरचं काही घालत नाही, असं ते एकमेकांना सांगत. मला त्याचा अभिमान होता.

दोन वर्षांचा करार संपवून भाऊ सुट्टीवर आला. रंग काळवंडला होता आणि तो जिना चढताना थांबत होता. विचारलं तर म्हणाला, तिकडं सपाट जमिनीवर चालायची सवय लागलीय. तूच डोंगर बांधतोस आणि सपाटीची सवय कसली, असं मी म्हटलं आणि आम्ही दोघं हसलो. त्या हसण्यावर मी पुढे पुष्कळदा विचार केला आहे.

एका रविवारी तो कंग्राळीहून एकटाच निपाणीला माझ्याकडे आला. खिशात कागद होता. पुढच्या दोन वर्षांचा करार, इंग्रजीत, चार पानांचा. सही करून आठवड्यात पाठवायचा होता. तो माझ्यासमोर खुर्चीवर टेकला, कागद माझ्या हातात दिला आणि वाच म्हणाला.

मी चष्मा लावला. कामाचे तास, राहण्याची सोय, विमानाचं तिकीट, आजारपणाची रजा, एकेक कलम मी त्याला मराठीत सांगितलं. एका ठिकाणी वाक्य दोन प्रकारे लागत होतं, तर शब्दकोश काढून पाहिला. वाचन चांगलं झालं. तो ऐकत होता, पण कागदाकडे बघत नव्हता. माझ्या खिडकीत एक चिमणी सारखी येऊन जाई, तिच्याकडे बघत होता.

मी कागद घडी करून दिल्यावर त्यानं विचारलं, "तुला काय वाटतंय, आक्का?"

मी म्हटलं, "अटी बऱ्या आहेत. रजेचं कलम पहिल्यापेक्षा चांगलं आहे."

त्यानं कागद खिशात घातला. मग म्हणाला, "तसं न्हवं. मी जाऊ काय?"

आणि मी ते वाक्य म्हटलं. शेकडो लोकांना म्हटलेलं, त्याच आवाजात.

"लिहिलंय ते मी वाचलं. ठरवायचं तू."

"व्हय," तो म्हणाला. "बघतो." मग त्यानं चहा घेतला, हत्तीवाल्या देवळाला आता नवा रंग दिलाय आणि हत्ती आणखीनच हसायला लागलेत, असं सांगितलं, आणि संध्याकाळच्या बसनं परत गेला. जाताना वाकून नमस्कार केला. तो एरवी करत नसे.

महिन्याभरात तो गेला. नऊ महिन्यांनी, सुट्टीच्या दिवशी दुपारी, जेवून खोलीवर आडवा झाला तो उठलाच नाही. हृदय बंद पडलं, एवढंच आम्हाला कळलं. त्याला घरी आणायला पुष्कळ दिवस लागले. त्याच्याबरोबरच्या एका गवंड्यानं सांगितलं की डोंगराचं काम झालं होतं आणि मजूर दुसऱ्या बाजूच्या तलावाकडे गेले होते.

दिवस-कार्य झालं. दोनेक महिन्यांनी मी कंग्राळीला माझ्या भावजयीकडे बसले होते. तिकडून आलेले कागद तिला वाचून दाखवत होते, मृत्यूचा दाखला, दवाखान्याचा अहवाल. तिनं मधेच माझ्या हातावर हात ठेवला.

"वन्सं, हे नका वाचू. वाचून काय कळायचं ऱ्हायलंय?" मग म्हणाली, "त्येंनी तुमच्याकडं कागद वाचून घ्यायला आलेच नव्हते. तिकडच्या एका केरळच्या माणसानं त्येंना तो हिंदीत समजावून दिलता. सगळा तोंडपाठ होता."

मी विचारलं, मग कशाला आला होता?

"छातीत दुखत हुतं त्येंच्या. मला सांगितलेलं, तुमाला सांगू नको म्हनले. म्हनले, आक्काकडं जातो. आक्का नको म्हनली तर ऱ्हातो. ती उगंच कुनाला नको म्हनत न्हाय, म्हनली तर खरं."

मी म्हटलं, "मग तू का न्हाय थांबवलंस गं?"

"मी काय म्हननार? माझं म्हननं रोजचंच. तुमच्यावर सोडलं मी." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मी पुष्कळ वाचते. वाचणाऱ्या माणसाला वाटतं की आपल्याला माणसं कळतात. माझा भाऊ माझ्यासमोर दोनदा विचारून बसला होता, आणि मी शब्दकोश काढून एका कलमाचा अर्थ लावत होते. जिन्यात तो थांबत होता तेही मी पाहिलं होतं. एका शब्दाचं काम होतं. तो शब्द चुकला असता तर तो माझ्यावर रुसला असता, चुलतबहिणीसारखा बोलेनासा झाला असता, आणि इथे कुठल्या तरी देवळाच्या शिखरावर चढून काम करत असता.

चहा झाल्यावर भावजयीनं फळीवरून आणखी एक कागद काढला. तिच्या थोरल्या मुलीनं नर्सिंगसाठी बेंगळूरला अर्ज केला होता, प्रवेशाचं पत्र कन्नडमध्ये आलं होतं. मी ते वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "काय करू वन्सं, पाठवू?"

मुलगी दारातच उभी होती. तिला जायचं होतं, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आईच्या चेहऱ्यावरचं मला वाचता येईना.

"यंदा नको," मी म्हटलं. "एक वर्ष राहू दे तुझ्याजवळ."

मुलगी आत निघून गेली. मी बरोबर सांगितलं की चूक, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. भावजयीनं मान हलवली, पत्राची घडी केली आणि परत फळीवर ठेवून दिली.