एकशे नव्वद मिलिमीटर

गाडी घेताना मी रंग पाहिला नाही, गाणी वाजतात का तेही पाहिलं नाही. ग्राउंड क्लिअरन्स तेवढा विचारला, म्हणजे जमीन आणि गाडीचं पोट यांतलं अंतर. शहरात, लिंबायतच्या गल्लीत राहून हे कशाला हवं, म्हणून शोरूमवाला हसला. हसू दे. माझी धाकटी बहीण आणि तिचा नवरा दर हंगामाला खानदेशातून चलथाणच्या साखर कारखान्याकडे ऊसतोडीला येतात, पडाव, म्हणजे त्यांच्या खोपट्या, पार शेतांच्या आत. ती गरोदर होती. आधीची दोन बाळं हाती लागली नव्हती. हे तिसरं तरी लागावं, एवढंच आमचं मागणं.

कागदावर एकशे नव्वद मिलिमीटर छापलं होतं. "खेतरमां पण दोडशे," शोरूमवाला म्हणाला. शेतातही पळेल म्हणे.

भर दुपारी तिचा फोन आला, कळा सुरू झाल्यात. अँब्युलन्स डांबरी रस्त्यावरच थांबली होती, पुढे यायला तयार नाही. ट्रॅक्टर सगळे कारखान्यावर रांगेत, नवराही तिकडेच. मी गाडी आत घातली. ऊस वाहून वाहून ट्रॅक्टरांनी वाटेत घोटाभर चाकोऱ्या पाडलेल्या, त्यात उसाला सोडलेलं पाणी. तरी पडावापर्यंत गाडी बिनबोभाट गेली. मला तर ताठाच चढला.

मग बहिणीला मागे बसवलं आणि बायका चढायला लागल्या. आमच्यात अडलेल्या बाईला एकटीनं धाडत नाहीत. तिची जाऊ चढली, सुईण चढली, शेजारणी चढल्या, गोधड्या आल्या, पाण्याचा हंडासुद्धा आला. मी म्हणालो, "अगं, गाडी बसंल, उतरा दोघीतिघी."

"गाडी मोठी का बहीण मोठी?" जाऊ म्हणाली.

मी गाडी सुरू केली.

अर्ध्या वाटेत गाडी बसली. तो छापलेला आकडा रिकाम्या गाडीचा, सपाट फरशीवर उभ्या केलेल्या. माणसं भरली की स्प्रिंगा दबतात, चाकं चाकोरीत उतरली की मधला वरंबा थेट पोटाला येऊन भिडतो. हे कागदावर कुठं लिहितात? बायका उतरल्या, ढकललं, चिखलात लोळल्या. गाडी वरंब्यावर पोटाशी अडकलेली, चाकं नुसती गरागरा फिरत होती. मी बॉनेटवर लाथा घातल्या. लाथा घालून काय होणार होतं.

शेवटी गोधडीत घालून तिला उचललं. अँब्युलन्स समोर दिसत होती, तिचा ड्रायव्हर स्ट्रेचर घेऊन पळत येत होता. तेवढ्यात बायका थांबल्या आणि मला तोंड फिरवायला लावलं. बाळ बांधावरच झालं. सुईणीनं पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली. ते रडलं नाही. कानात प्राण आणून मी ऐकत होतो, पण नाहीच.

बहीण वाचली. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तिला कुणी काही सांगेना, बायका नुसत्या पदर तोंडाला लावून बसलेल्या. तिनं मला जवळ बोलावलं.

"काय व्हतं, भाऊ?"

"पोरगी," मी म्हणालो.

माझ्या डोक्यात धीराची चार वाक्यं तयार होती.

"बरं झालं," ती म्हणाली. "सुटली बिचारी."