चालत्या मॅडम

आमच्या आर्वीच्या शाळेतल्या पीटीच्या मॅडम बसलेल्या मला फारशा आठवत नाहीत. स्टाफरूममध्ये चहासुद्धा त्या येरझाऱ्या घालत प्यायच्या. मी तिथे मराठी शिकवायचो. मुली त्यांना ‘चालत्या मॅडम’ म्हणत.

त्या मुलींना चालण्याची शर्यत शिकवायच्या. या शर्यतीत एक पाय सतत जमिनीला टेकलेला हवा. धावल्यासारखं दिसलं की पंच लाल कार्ड देतात आणि तीन कार्डं झाली की खेळाडू बाद. त्यामुळे कंबर हेलकावत चालावं लागतं. सकाळी तळेगाव रोडवर आमची सोनल अशी चालू लागली की चहाच्या टपरीवरची माणसं खिदळायची. पोरगी रडकुंडीला आली. मग पन्नाशीच्या मॅडम स्वतः तिच्यापुढे तशाच चालू लागल्या. टपरीसमोर थांबून म्हणाल्या, “हासाचं असन तं मले हासा. पोरगी शिकून राह्यली.”

पोरगी शिकली. युवा खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी देशाच्या संघात तिची निवड झाली. आमचे मुख्याध्यापक हरखून गेले. दारातल्या फळ्यावर ते रोज स्पर्धेची पदकतालिका लिहायचे आणि प्रार्थनेनंतर वाचून दाखवायचे. आपला देश बराच खाली असायचा. सोनलच्या शर्यतीच्या दिवशी त्यांनी कांस्यपदकांच्या रकान्यात तिचं नाव आधीच लिहून टाकलं. मॅडमना ते रुचलं नाही.

“सर, तिच्या पायाले अजून ओझं काऊन बांधता?”

शर्यत आम्ही सभागृहातल्या पडद्यावर पाहिली. शेवटच्या फेरीत सोनल तिसरी होती, मुली ओरडत होत्या. तेवढ्यात तिला तिसरं लाल कार्ड मिळालं. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि कॅमेरा पुढच्या मुलींबरोबर निघून गेला. सभागृह हळूहळू रिकामं झालं. जाता जाता कोणीतरी म्हणालं, “देशाचं एक मेडल गेलं.”

मॅडम खुर्चीत बसल्या. “जिकली असती तं देशाची होती,” त्या मला म्हणाल्या. “आता माही आहे.”

बसस्थानकावर ठरलेलं ढोलताशाचं स्वागत रद्द झालं. मॅडम आणि मी, दोघंच गेलो. सोनल खाली मान घालून उतरली. मॅडमनी तिची बॅग खांद्याला लावली आणि आम्ही तिला घरी सोडलं.

सोनलने शर्यती सोडल्या आणि ती नर्सिंगला गेली. तिला परत मैदानावर आणा, असं मी मॅडमना एकदा सुचवून पाहिलं.

“पोरगी थकली. मीबी थकली, सर.”

त्या निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी कोणी आलं नाही. मैदानावर आता गाड्या उभ्या असतात.

मागच्या हिवाळ्यात मॅडम गेल्या. शोकसभेत एक वक्ते म्हणाले, देशाला पदक मिळवून द्यायचं त्यांचं स्वप्न अपुरंच राहिलं. सावंगीच्या दवाखान्यातली ड्यूटी आटोपून आलेली सोनल मागच्या रांगेतून उठली.

“मी बाद झाली त्या दिवशी मले लय फोन आले,” ती म्हणाली. “मेडल कसं गेलं, साऱ्यांनी हेच इचारलं. मॅडमनं इचारलं, ‘पाय दुखून राह्यले काय?’”

एवढं बोलून ती खाली बसली.